लोणारच्या काठावरचं आगर

माझ्या पायाला भिंगरी लागली आहे, ही गोष्ट आमच्या घरात दुखण्यासारखी बोलली जायची. शेजारीण दाराशी टेकली की आई आधी म्हशीचं सांगायची, मग धाकट्याच्या खोकल्याचं, आणि मग माझ्या पायांचं. सकाळी खाडीवर, दुपारी टेंभी नाक्यावर, संध्याकाळी देवळाजवळच्या तळ्यावर, या पोरीचं करायचं काय, असं ती त्या बाईला विचारायची आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणायची, "लगीन." मला तेव्हा वाटायचं, आई माझ्यावर चिडलेली आहे. आता कळतं की ती काळजीत होती. पण काळजीसुद्धा दिवसभर कानांवर पडत राहिली की तिचा जाच होतो, आणि मी उठून पुन्हा खाडीवर जायची. हे लिहितानाही मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले. सून म्हणते, आई, लिहायचंय तर बसा की एका जागी. आता गुडघे सुजतात, जिना उतरवत नाही, तरी बसवत नाही ते नाहीच.

आमचं घर ठाण्याच्या खाडीकडच्या अंगाला होतं. मागच्या दारातून पाऊल टाकलं की चिखल, आणि चिखलापलीकडे मिठाची आगरं. आम्ही ख्रिस्ती. पोर्तुगिजांच्या राज्यात कधीतरी आमच्या पूर्वजांच्या डोक्यावर पाणी पडलं, पण चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, बायका लुगडीच नेसायच्या आणि लग्नाच्या आधी हळदही लागायची. घरात सुक्या बोंबलांचा वास कायमचा मुरलेला. उन्हाळ्यात आई मिरच्या आणि कसकसले मसाले भाजून, कुटून बाटल्यांत काठीने ठासून भरायची, तेव्हा अख्खी आळी शिंकायची. ओहोटी लागली की मागच्या चिखलात बुडबुडे फुटत, त्यांचा बारीक आवाज मी अंथरुणात पडून ऐकायची. आणि कल्याणकडची गाडी खाडीच्या पुलावर चढली की मांडणीवरची पितळी भांडी थरथरायची. भांडी थरथरली की मी हातातलं काम टाकून दाराशी. गाडीत कोण बसलंय, कुठे चाललंय, मला काही ठाऊक नसायचं. आपण तिच्यात नाही, एवढंच ठाऊक असायचं.

माझ्या बापसाचं नाव इनास. देवळाच्या शाळेत मास्तर मला ‘माझे वडील’ असं लिहायला लावायचे, पण वडील म्हटलं की दुसऱ्याच कुणाचा तरी बाप डोळ्यांपुढे येतो, कोट घातलेला. माझा बापूस उघडा असायचा, कमरेला आखूड धोतर आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. खाडीवर त्याला सगळे जिभेचा इनास म्हणत. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, उन्हात आटवायचं, आटलं की पुढच्या वाफ्यात सोडायचं, हे तर सगळेच आगरी करतात. पण ते नेमकं केव्हा सोडायचं, तिथे खरी मेख. लवकर सोडलं तर मीठ धरत नाही, उशीर झाला तर कडवट येतं. बापूस करंगळी बुडवायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "उद्या दुपारी." ते उद्या दुपारीच असायचं. मोठमोठे आगरवाले त्याला बोलावणं पाठवत. सरकारने लहान आगरं बंद केली त्यात आमचं गेलं, तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या बांधावर मुकादमी करायचा. पण जिभेचा मान तसाच राहिला. घरात मीठ सांडलं तर तो रागावायचा नाही, वाकून वेचायचा. "हे गोळा करून येत नाय गो," तो मला म्हणायचा, "पिकवावं लागतं."

त्या पिकवण्यातलं एकच काम माझ्या वाट्याला यायचं आणि त्याचा मला मनापासून वीट यायचा. पावसाळा सरला की वाफ्याची जमीन पायांनी तुडवायची. चिखल घट्ट बसला नाही तर मिठात माती येते. घरातली सगळी माणसं एका ओळीत, मागच्याचे हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि धप धप करत या बांधापासून त्या बांधापर्यंत, तिथून परत. जमिनीवर टाच उमटायची थांबेपर्यंत तुडवत राहायचं. आई गाणं म्हणायची, धाकटे खिदळायचे. मला मात्र वाटायचं, एवढं चालून मी कुठेच पोचत नाही. एकदा हे बोलून दाखवलं तर आई म्हणाली, "मग पोचायचंय कुठे तुला?"

मग एका वर्षी नाताळ झाल्यावर माझा साखरपुडा झाला. मुलगा कल्याणचा, पास्कू नावाचा, रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम करणारा. माणूस वाईट नव्हता हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्याच्याबरोबर मी जन्म काढला आणि त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं मला चालायचं नाही. पण तेव्हा मला तो दिसलाच नाही, दिसली ती त्याची खोली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. रेल्वेच्या चाळीतली एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीपुढे हातभरावर दुसऱ्या चाळीची भिंत. पास्कूची आई कौतुकाने म्हणाली, "ऊन लागत नाय, बरं पडतं." लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ठरलं, कारण आमच्यात त्याआधीच्या उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नाहीत. घरी आल्यावर मी खाणं टाकलं नाही, रडलेही नाही, पण हसणं कुठे गेलं कुणास ठाऊक. आई म्हणायची, चला, पोरगी शहाणी झाली. बापूस मात्र जेवताना माझ्याकडे बघत राहायचा.

असे दिवस चालले असताना करीमशेठ आमच्या अंगणात उभा राहिला. कल्याणच्या बंदरावर त्याची वखार होती, लाकडाची नि मिठाची. वऱ्हाडात लोणार म्हणून गाव आहे, तिथे जमिनीच्या पोटात एक खारं तळं आहे, त्याचा मक्ता त्याने घेतला होता. तिकडचे लोक उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावरचा खार खरवडून नेतात, तो कपडे धुवायला नाहीतर पापडाला. करीमशेठचं म्हणणं असं, की पाणी खारं आहे तर त्यातून जेवणाचं मीठ का निघू नये? ठाण्याहून गाड्या भरभरून मीठ तिकडे जातं, ते तिथल्या तिथे पिकलं तर? "इनास, तुझी जीभ घेऊन चल," तो खाटेवर टेकून म्हणाला. "तिथे वाफे घाल, आपल्या पद्धतीने कर. उन्हाळा संपायच्या आत ताटात वाढण्याजोगं मीठ काढून दाखवलंस तर तळ्याचा सगळा कारभार तुझा. घर बांधून देतो. बायकोपोरं घेऊन जा." शेठ गेल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा. बापूस बराच वेळ पायाची बोटं चोळत बसला आणि म्हणाला, "मीठ निघालं तर हे लगीन मोडू. आपण सगळेच तिकडे, तर पोरीला एकटी हिकडे कशाला ठेवायची? तिकडच्या तिकडे बघू. नाय निघालं तर ठरलंय तसं." हे मी मागच्या दारात उभी राहून ऐकलं. त्या दिवशी मी मेरीमातेपुढे जेवढ्या मेणबत्त्या लावल्या तेवढ्या नाताळलासुद्धा लावल्या नसतील.

आई म्हैस आणि धाकट्यांना सोडून येऊ शकत नव्हती. बापसाला भाकरी थापता येत नव्हती आणि तुडवायला पायांची दुसरी जोडी तर हवीच होती. म्हणून मी निघाले. गाडी खाडीच्या पुलावर चढली तेव्हा मी आमचं घर शोधत होते, आत भांडी थरथरत असतील असं मनात म्हणत होते. कल्याण मागे पडलं, घाट चढला, गाडी बदलली, रात्र झाली, दिवस उजाडला, काळी जमीन सुरू झाली. मग बैलगाडी. गाडीवानाला आमच्या सुक्या बोंबलांच्या गाठोड्याचा असा काही तिटकारा आला की तो उपरण्याने नाक बांधून बसला आणि सारा रस्ता बैलांशीच बोलला. मला त्याचंही काही वाटलं नाही. वाटेत प्रत्येक चढाला मी खाली उतरून बैलांच्या पुढे चालायची.

लोणारचं तळं आधी दिसत नाही. सपाट रान, कापलेल्या ज्वारीचं धस्कट, आणि एकाएकी पुढची जमीनच संपते. खाली, पार खाली, परातीच्या तळाशी उरलेल्या कढीएवढं हिरवं पाणी. चहूकडे उभा कडा, कड्यावर रान, रानातून डोकावणारी काळ्या दगडांची जुनी देवळं. साहेब लोक म्हणायचे, इथे कधीकाळी जमीन पेटली, आतला रस उसळला आणि ज्वालामुखीचं तोंड तसंच उघडं राहिलं. गावचे लोक म्हणायचे, विष्णूने इथे लवणासुराला मारलं, म्हणून पाणी खारं. माझ्या नातवाच्या पुस्तकात साहेबांचं छापलंय. मला गावकऱ्यांचं जास्त पटतं, कारण त्या पाण्याला वास मेलेल्याचाच होता. पण खरं सांगते, पहिल्यांदा कड्यावर उभी राहिले तेव्हा वासबीस काही जाणवला नाही. हा सगळा कडा पायांखाली घालायचा, एवढंच डोक्यात आलं. मी काष्टा खोचला आणि उतारावरून धावत सुटले. बापूस मागून ओरडत होता, "साबेल, पडशील गो."

मी पाण्यात पोचले तेव्हा तो अजून झाडीत होता. आला, काठावर उकिडवा बसला, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. घरी चव बघितली की तो लगेच थुंकायचा. इथे थुंकला नाही. बराच वेळ तोंड मिटून बसला आणि मग चक्क गिळलं. वर बघितलं, तर मी गुडघाभर पाण्यात उभी, हसत होते. मोठ्याने हसत असणार, कारण मागच्या झाडीतले मोर केकाटायला लागले. "काय बाबा, पिकेल?" मी विचारलं. तो माझ्याकडेच बघत होता. "बघू," तो म्हणाला. "वेळ लागेल. घाई करून चालायचं नाय."

शेठने दिलेली राहुटी आम्ही पहिल्यांदा देवीच्या देवळाजवळ ठोकली, कारण गोड्या पाण्याचा झरा तिकडे होता. तिथे मी बोंबील भाजायला घेतले मात्र, देवळाचा गुरव धावत आला. भांडला नाही बिचारा, हात जोडून म्हणाला, देवीच्या दारात हे नको. बापूस लगेच उठला आणि राहुटीचे खुंटे उपटायला लागला. आम्ही तळ्याच्या पलीकडच्या अंगाला गेलो, जिथे माणूस म्हणून नव्हतं, चिंचेची झाडं आणि वानरं तेवढी. आता गोडं पाणी आणायचं तर निम्मं तळं फिरून झऱ्याशी जावं लागे आणि निम्मं फिरून परत. म्हणजे रोज एक प्रदक्षिणा. दुसऱ्या कुणाला ही शिक्षा वाटली असती. मी कळशी डोक्यावर घेऊन गाणी म्हणत जायची. पायवाट कुठे होती, कुठे नव्हती. कुठे करवंदीच्या जाळ्या लुगडं धरून ठेवायच्या, कुठे पडक्या देवळाच्या गाभाऱ्यात वटवाघळं. दुपारी कड्यावर चढायचं, कड्याकड्याने जाऊन भलत्याच बाजूने उतरायचं. सकाळी पाणी शेवाळ्यासारखं हिरवं, उन्हं चढली की पांढुरकं, संध्याकाळी पुन्हा काळसर. एका जागी बसून हे बघितलं असतं तर कंटाळले असते. चालता चालता बघितलं म्हणून अजून आठवतं.

बापसाने काठाजवळ बांध घालून लहानसे वाफे आखले, अगदी आमच्या आगरासारखे. सुरुवातीला मीही तुडवायला उभी राहायची, हात त्याच्या खांद्यावर. इथला चिखल आमच्या चिखलासारखा नव्हता. बुळबुळीत, पायांना साबण फासल्यासारखा, आणि पाय धुतले तरी तो बुळबुळीतपणा जात नसे. दोन-तीन दिवसांत माझ्या बोटांच्या बेचक्यांत आग व्हायला लागली. मी बापसाला दाखवलं. त्याने माझा पाय हातात घेतला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "तू आता हितं यायचं नाय. तू पाणी आण, जेवण कर, फिर. तुडवायचं मी बघतो." मला तर देवच पावला. त्याने एक जाड दांडा वाफ्यात रोवला आणि कुणाच्या खांद्याऐवजी त्यावर हात ठेवून एकटाच त्याच्याभोवती तुडवत राहिला. कड्यावरून मला तो दिसायचा, एवढासा, गोल गोल फिरणारा. मी वरून हाक मारली की मान वर करून हात हलवायचा.

काठावर खार खरवडायला गावातल्या बायका येत. त्यातली रुखमी माझ्याशी बोलायची, माझ्याहून थोडीच मोठी, कडेवर पोर. ती एकदा वाफ्याजवळ थबकली, बापसाच्या पायांकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुह्या बापाले सांग माय, या पान्यात अनवानी कोनी उभं नाही राह्यत. आमी पायाले चिंध्या बांधतो." मी जाऊन सांगितलं. बापूस म्हणाला, "चिंध्या बांधल्या तर पायाला जमीन कशी कळणार? आपण काय खरवडायला आलोय?" साऱ्या आयुष्यात खाऱ्या पाण्याने त्याचं कधी वाईट केलं नव्हतं. जखम झाली तर आमच्याकडे खाडीत पाय बुडवून बसायचे, बरी व्हायची. खारं पाणी पायाला खातं, हे त्याच्या डोक्यातच बसायला तयार नव्हतं. निदान मी तरी तेव्हा तसंच समजले.

मी दररोज संध्याकाळी वाफ्यांवर वाकून बघायची. उन्हात पाणी आटत होतं, कडेने पांढरी साय धरायला लागली होती. मला तिच्यात आमचं घर दिसायचं, कड्यावर बांधलेलं, चारी बाजूंना खिडक्या. "आता किती?" मी विचारायची. "अजून," तो म्हणायचा. वाफ्यातलं पाणी त्याने दोनदा बांध फोडून सोडून दिलं आणि पुन्हा नवीन घेतलं. जमीन बसली नाय, म्हणायचा, मातकट येईल. आणि पुन्हा तुडवायला लागायचा. ईस्टर आला. आमच्या घरात कुणाचा ईस्टर देवळाशिवाय गेला नव्हता. त्या सकाळी बापसाने चिंचेखाली गुडघे टेकून रोझरी म्हटली, मी मागून म्हटली, आणि मग आम्ही गुळाची खीर खाल्ली. दुसऱ्या दिवशी गावातून एक गाडी स्टेशनाकडे निघाली होती. बापसाने गाडीवानाला घरी तार करायला सांगितलं, काम बाकी आहे, लग्न पुढे ढकला. पुढच्या रविवारी, कल्याणच्या देवळात ज्या वेळी माझ्या गळ्यात मंगळसूत्र पडायचं होतं त्या वेळी, मी कड्याच्या सगळ्यात उंच जागी बसून चिंचा खात होते. मला इतका आनंद झाला होता की भीती वाटली. बापूस खाली गोल फिरत होता. तो लंगडतोय हे मला वरूनसुद्धा दिसलं.

त्या दिवशी खाली उतरल्यावर मी त्याला जबरदस्तीने बसवलं आणि पाय उलटे करून बघितले. टाचांना कातडं म्हणून राहिलं नव्हतं. लाल, चिरा गेलेल्या, चिरांत पांढरा खार भरलेला. मी ओरडले. तो म्हणाला, "तेल लाव थोडं, सकाळपर्यंत बरं होईल." मी म्हटलं, उद्या मी तुडवते. तेव्हा तो माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचा खेकसला, "एक पाय घालशील त्यात तर याद राख." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दांड्याला धरून उभा राहिला. फार चालता येईना तर जागच्या जागी पाय उचलून टाकत होता. शेवटी दांडा सोडून खाली बसला, तो उठला नाही. मी आणि रुखमीने धरून राहुटीत आणला. वाफ्यांतलं पाणी मग आपोआपच आटलं आणि वर पांढरंशुभ्र, जाड पापुद्र्याचं पीक उभं राहिलं. मी ते लाकडी फावड्याने ओढून ढीग केला. आमच्या खाडीवरचं मीठ त्यापुढे मळकं वाटलं असतं.

करीमशेठ आला तो स्वतःचा आचारी घेऊन. ढीग बघून खूश झाला, मूठभर उचलून उन्हात धरलं, बापसाच्या पाठीवर थाप मारली. आचाऱ्याने चिंच घातलेलं वरण चुलीवर ठेवलं होतं, त्यात त्या ढिगातली चिमूट टाकली. वरण एकदम फसफसून वर आलं, पातेल्याच्या काठावरून चुलीत सांडलं आणि चूल विझली. सगळे बघत राहिले. शेठने खडा उचलून जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. "इनास, हे काय आहे?"

"खार हाय शेठ," बापूस राहुटीच्या दाराशी बसल्या जागेवरून म्हणाला. "पापडाला चालेल, साबणाला चालेल. जेवणाचं मीठ यातून नाय येणार, कितीबी आटवा."

"तुला हे समजलं कधी?"

बापूस खोटं बोलू शकला असता. आत्ताच समजलं म्हणाला असता तर शेठने नशिबाला बोल लावून सोडून दिलं असतं. पण जिभेबद्दल त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "पहिल्या दिवशी," तो म्हणाला.

शेठ रागावला नाही, आधी त्याला हसूच आलं, विश्वास बसेना म्हणून. मग त्याचा चेहरा उतरला. "मग इतके दिवस काय केलंस तू? पाय सडवलेस, माझा उन्हाळा घालवलास. अरे, पहिल्या दिवशी बोलला असतास तर मी तुला मानाने परत नेला असता. काय कारण?" बापसाने पाय आणखी जवळ ओढून घेतले. शेठने पुन्हा विचारलं. बापूस जमिनीकडे बघत राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेठ बोलत होता ते सगळं मलाच बोलायचं होतं.

पुढचं सगळं झालं ते असं. पाऊस लागायच्या आत माझं लग्न झालं, मी कल्याणच्या त्या खोलीत राहायला गेले, पास्कूने खिडकीपुढच्या भिंतीला स्वतः चुना मारून दिला म्हणजे उजेड तरी येईल. करीमशेठने बोभाटा केला नाही, पण कुणी विचारलं तर लपवलंही नाही. इनासला पहिल्याच दिवशी कळलं होतं यावर कुणाचा विश्वास बसला नाही, इनासची जीभ गेली, असंच खाडीवर झालं. नंतर कुठल्याही आगरवाल्याने त्याला पाणी चाखायला बोलावलं नाही. पुढच्या हंगामात तो दुसऱ्याच्या बांधावर साधी मजुरी करत होता आणि शेजारच्या वाफ्यात पाणी उशिरा सोडताना बघून गप्प बसायचा. मी माहेरी गेले की तो मला सांगायचा, आज त्यांचं मीठ कडू येणार बघ. दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही.

पण बैलगाडीतलं सांगायचं राहिलं. आम्ही लोणारहून निघालो तेव्हा बापसाला पाय खाली सोडून बसता येत नव्हतं. रुखमीने त्याच्या पायांना तिळाचं तेल लावून चिंध्या गुंडाळून दिल्या होत्या. तो गाडीत आडवा झाला आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले. कडा मागे गेला, धस्कटं सुरू झाली. दुपारपर्यंत मी तशीच पाठ करून होते. मग मात्र फुटले. "पहिल्या दिवशी माहीत होतं तर पहिल्या दिवशी का नाय सांगितलंस? मी रोज वाफे बघत होते. मी तिथे घर बांधलं होतं मनात. मला कशाला आशा लावलीस बाबा?"

तो आभाळाकडे बघत होता. "पहिल्या दिवशी तू पाण्यात उभी होतीस," तो म्हणाला. "साखरपुड्यानंतर तुला हसताना पाहिलंच नव्हतं मी. म्हटलं, लगीन तर टळणार नाय. पण थोडं फिरू दे हिला."

गाडीवान पुढे बैलांशी काहीतरी पुटपुटत होता. चाक खड्ड्यात गेलं आणि बापसाने दात आवळले.

"पाय टिकले असते तर पावसापर्यंत काढलं असतं गो," तो म्हणाला. "नाय टिकले."

मी वळून बसले, त्याचे दोन्ही पाय उचलून मांडीवर घेतले आणि स्टेशन येईपर्यंत गाडीवानाला बैल हळू हाक, हळू हाक म्हणत राहिले.